अंदमानहून परतताना : नातेवाइकांसोबतच्या सहलीचे शेवटचे तीन दिवस कसे आखावेत

जळगाव-धुळ्याकडची कुटुंबे अंदमानला निघतात तेव्हा जाण्याची तयारी दोन-दोन महिने चालते. दशम्या किती करायच्या, शेंगदाण्याची चटणी कोणाच्या घरी कुटायची, आत्याच्या गुडघ्यांचे काय करायचे, हे सारे पुन्हा पुन्हा बोलून ठरते. परतीबद्दल मात्र ‘सातव्या दिवशी दुपारचे विमान’ एवढेच सगळ्यांना ठाऊक असते, आणि सहल बिघडते ती बहुधा याच टप्प्यावर. आम्ही अमळनेरहून चार कुटुंबांतले अकरा जण पहिल्यांदा गेलो तेव्हा शेवटचा मुक्काम नील बेटावर ठेवला होता. सकाळच्या बोटीने पोर्ट ब्लेअरला यायचे आणि तिथूनच दुपारचे विमान गाठायचे, असे कागदावर फार नेटके बसले होते. त्या सकाळी वारा सुटला, बोट रद्द झाली आणि विमान आम्हाला न घेताच गेले. अकरा तिकिटे नव्याने काढावी लागली. तो आकडा जिभाऊ अजूनही लग्नकार्यात सांगत असतात. दुसऱ्या खेपेला आम्ही क्रम बदलला. पुढे जे लिहिले आहे ते मुख्यतः त्या दोन सहलींतून शिकलेले आहे.

आखणी घरापासून मागे करत जावी

घरी पोहोचण्याची तारीख आधी पक्की करावी आणि तिथून मागे मागे मोजत यावे. आधी रेल्वे, मग विमान, मग बोट आणि सर्वांत शेवटी बेटांवरचे मुक्काम, असा हा उलटा क्रम आहे.

खानदेशातल्या माणसाला या बाबतीत एक सोय आहे, जी पुण्या-मुंबईच्या सहल आयोजकांच्या सहसा लक्षात येत नाही. पोर्ट ब्लेअरहून कोलकाता आणि चेन्नई या दोन्ही शहरांना थेट विमाने आहेत, प्रवास सव्वादोन-अडीच तासांचा आहे, आणि या दोन्ही शहरांतून थेट आपल्या दारापर्यंत गाड्या येतात. हावडा ते भुसावळ हे अंतर सुमारे १,५०० किलोमीटर असून गीतांजली एक्सप्रेस आणि हावडा-मुंबई मेल या मार्गाने धावतात. हावडा-अहमदाबाद एक्सप्रेस तर जळगावहून ताप्ती मार्गाने अमळनेर, नंदुरबारकडे वळते. चेन्नईहून येणारी नवजीवन एक्सप्रेसही वर्धा, भुसावळ, जळगाव, अमळनेर, नंदुरबार असाच रस्ता धरते. धुळेकरांनी जळगावला उतरून उरलेले सुमारे ९० किलोमीटर गाडीने जावे. मुंबईला उतरून पुन्हा रात्रभर उलटे येण्यापेक्षा, विशेषतः म्हाताऱ्या माणसांसाठी, हे सोपे पडते आणि अकरा जणांच्या खर्चात मोठा फरक पडतो. घाई असेल आणि चौघेच असाल तर मात्र मुंबईपर्यंतचे विमान बरे.

रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. विमानाची तिकिटे त्याहून आधी काढलेली असतात, म्हणून आरक्षण उघडण्याचा दिवस दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावा आणि त्या सकाळी घरातल्या दोघांनी दोन फोनवर बसावे. विमान उतरल्यानंतर गाडी सुटेपर्यंत किमान सहा तासांचे अंतर ठेवावे. कोलकात्याच्या विमानतळावरून हावडा स्थानक फार दूर नाही, तरी दुपारी हावडा पुलाच्या तोंडाशी टॅक्सी अडकली म्हणजे घड्याळाकडे बघवत नाही. डिसेंबर-जानेवारीत कोलकात्याला सकाळचे धुके असते आणि विमानांना उशीर होतो. त्या दिवसांत एक रात्र कोलकात्यात राहून दुसऱ्या दिवशीची गाडी धरणे शहाणपणाचे. दोन विमाने बदलून जायचे असेल तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्यावेत. वेगवेगळी तिकिटे असली आणि पहिल्या विमानाला उशीर झाला, तर दुसऱ्या कंपनीवर तुमची कसलीच जबाबदारी राहत नाही.

आता बोट. विमानाच्या दिवशी बोटीने प्रवास करायचा नाही, हा या लेखातला एकच नियम असा आहे की ज्याला मी अपवाद सांगणार नाही. विमानाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत सगळे पोर्ट ब्लेअरमध्ये परतलेले असावेत, आणि जमल्यास त्याच्याही आदल्या दिवशी. हॅवलॉक ते पोर्ट ब्लेअर बोटीला दीड ते अडीच तास लागतात, पण वारा वाढला की बोटी रद्द होतात आणि त्यावर कोणाचीही ओळख चालत नाही. आपल्या सुट्ट्या नेमक्या अवघड काळात पडतात, हेही ध्यानात ठेवावे. दिवाळीच्या सुट्टीत बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा हंगाम असतो, आणि मे महिन्यात आपल्याकडे भुसावळला पारा ४५ वर असताना साधारण तिसऱ्या आठवड्यात मोसमी पाऊस अंदमानात पोहोचतोदेखील. म्हणून आधी हॅवलॉक, मग नील आणि शेवटी शहर, असा क्रम ठेवावा. उतरल्या उतरल्या शहर पाहून घ्यायचे आणि शेवटी बेटे, असा उलटा कार्यक्रम पुष्कळ ठिकाणी छापून मिळतो. तो बदलून मागावा.

नावांचा थोडा घोळ होतो, तो निघण्यापूर्वीच घरच्यांना समजावून ठेवावा. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचे स्वराज द्वीप, नीलचे शहीद द्वीप आणि रॉस बेटाचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झाले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम. तिकिटावर एक नाव, हॉटेलच्या पावतीवर दुसरे आणि रिक्षावाल्याच्या तोंडी तिसरेच असले, की आपली मंडळी घाबरतात.

विमानाच्या तीन दिवस आधी : समुद्राचे उरलेसुरले

पाण्यात जे काही करायचे राहिले असेल ते या दिवशी उरकावे. स्कूबा डायव्हिंग केल्यानंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो, आणि तो पुरता निघण्याआधी माणूस विमानाच्या कमी दाबात गेला तर त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही होऊ शकते. डुबकी आणि विमान यांत किमान १८ तास आणि शक्यतो पूर्ण २४ तास जाऊ द्यावेत. भाचेमंडळींना ‘शेवटच्या सकाळी एकदाच’ असा हट्ट करण्याची सवय असते. त्यांना हे कारण सांगितले की ते ऐकतात, नुसते नाही म्हटले की ऐकत नाहीत.

नील बेटावरचा दगडी नैसर्गिक पूल पाहायचा तर ओहोटीची वेळ गाठावी लागते, कारण भरतीत तिथपर्यंत चालत जाता येत नाही. ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, तेव्हा मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या संध्याकाळी विचारून घ्यावे. खडकांवर शेवाळ असते. आत्या, मामी यांच्यासाठी मागे पट्टा असलेल्या चपला हव्यात.

संध्याकाळचे गणितही वेगळे आहे. घड्याळ आपलेच असले तरी अंदमान जळगावच्या पूर्वेला सुमारे १७ अंशांवर आहे, म्हणजे तिथला सूर्य आपल्यापेक्षा तासभराहून अधिक पुढे असतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. चारला चहा, मग तयार होणे, मग निघणे, अशी आपली रीत असेल तर हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर काय किंवा नीलवर काय, अंधारातच पोहोचाल. त्या दिवशी चहा तीनला करावा.

या दिवसाचे शेवटचे काम म्हणजे ओले कपडे. आपल्या गच्चीवर दुपारी टाकलेली चादर तासाभरात वाळते, त्यामुळे दमट हवा म्हणजे काय याचा अंदाज आपल्याला येत नाही. तिथे दोरीवर टाकलेला टॉवेल दुसऱ्या सकाळीही हाताला गारच लागतो. देशांतर्गत विमानात साधारणपणे माणशी १५ किलो सामान देता येते, आणि ओल्या टॉवेलांचे, वाळू भरलेल्या चड्ड्यांचे वजन त्यातच धरले जाते. या दिवसानंतर समुद्रात उतरलेच नाही, तर कपड्यांना दोन रात्री मिळतात. तरीही जे ओले राहील त्यासाठी प्लास्टिकची जाड पिशवी घरूनच न्यावी.

विमानाच्या दोन दिवस आधी : बोट आणि हिशेब

बोटीच्या दिवशी सकाळी हलके खावे, उपाशी मात्र राहू नये. बोट लागण्याची गोळी निघण्यापूर्वी अर्धा-एक तास घ्यायची असते, बसल्यावर नव्हे. रक्तदाबाची औषधे चालू असणाऱ्यांनी ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच बांधून न्यावी. जागा मधल्या किंवा मागच्या भागातल्या मागाव्यात, पुढे हेलकावे जास्त बसतात. धक्क्यावर तासभर आधी पोहोचावे आणि प्रत्येकाचे ओळखपत्र प्रत्येकाच्याच हाती असावे. सगळ्यांची आधार कार्डे एका जिभाऊंच्या पिशवीत आणि जिभाऊ शहाळे प्यायला गेलेले, हे दृश्य आम्ही पाहिले आहे.

बेटांवर मोबाइलचे जाळे अजूनही मधूनच जाते. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यावर शहरात बरीच सुधारणा झाली, तरी यूपीआयवर विसंबून राहू नये आणि विमान-रेल्वेची तिकिटे कागदावर छापून ठेवावीत.

शहरात परतल्यावर संध्याकाळी, जेवणाच्या आधी, हिशेब करावा. हे काम विमानतळावर किंवा गाडीत करू नये, आणि ‘घरी गेल्यावर पाहू’ असे तर मुळीच म्हणू नये. घरी गेल्यावर कोणी पाहत नाही, आणि मग पुढच्या जावळाला कोण कोणाशी बोलत नाही ते कळते. आमच्याकडे मोठ्या वहिनींच्या पर्समध्ये एक लाल वही असते. सामायिक खर्च, म्हणजे गाडी, एकत्र जेवण, बोट आणि प्रवेश तिकिटे, तेवढाच त्या वहीत जातो. स्कूबा, खरेदी आणि मुलांचे आइस्क्रीम ज्याचे त्याचे.

वाटणी कुटुंबामागे समान करू नये, ती माणसामागे करावी आणि लहान मुलांचा अर्धा वाटा धरावा. आमचेच उदाहरण देतो. तीन भावांची कुटुंबे, प्रत्येकी दोन मोठे आणि एक मूल, म्हणजे अडीच-अडीच वाटे. आत्या आणि आतेभाऊ यांचे दोन. एकूण साडेनऊ वाटे झाले. सामायिक खर्च ५७,००० रुपये आला असे समजा, तर एका वाट्याला ६,००० येतात, प्रत्येक भावाला १५,००० आणि आत्या-आतेभावाला मिळून १२,०००. आता आत्याकडून पैसे घ्यायचे का, हा प्रश्न येतो, आणि आपल्याकडे त्याचे उत्तर ठरलेले असते: भाचे असताना आत्याला पदराची गाठ सोडू देत नाहीत. ते उत्तर निघण्यापूर्वीच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. आत्याचे ६,००० तिघा भाच्यांनी दोन-दोन हजार करून उचलले, म्हणजे भाऊ प्रत्येकी १७,००० आणि आतेभाऊ ६,००० देतो. बेरीज ५७,००० जुळते. हे आयत्या वेळी निघाले तर एकजण मोठेपणाने ‘मी देतो’ म्हणतो, दुसरा गप्प बसतो, आणि दोघांच्या बायका रात्री खोलीत वेगवेगळे बोलतात. जावई सोबत असले तर तेही आधीच ठरवावे. त्यांचा मान आणि त्यांचा वाटा या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे जावईबापूंना सहसा मान्य असते. अडचण सासूबाईंची असते.

सहाव्या-सातव्या दिवशी माणसे चिडचिडी होतात, हे गृहीत धरावे. सहा दिवस इडली, भात आणि मासे झाले की शाकाहारी मंडळींना भाकरीची आठवण येते आणि बोलण्याची धार वाढते. घरून आणलेल्या लसणाच्या चटणीची एक पुडी न फोडता या संध्याकाळसाठी राखून ठेवावी. हॉटेलात साधे वरण-भात मागवून त्यावर ती वाढली तेव्हा आमची आत्या चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली, आणि ‘आते घर चला रे भो’ (आता घरी चला रे) असेही म्हणाली.

शेवटचा पूर्ण दिवस : शहर, पिशव्या आणि शिंपले

हा दिवस राखीव आहे. बोट एक दिवस उशिरा आली तर तो त्यात जाईल. वेळेवर आली तर शहरासाठी मिळेल. सेल्युलर जेल या दिवसासाठी योग्य, कारण पाऊस आला तरी ते बहुतांशी छपराखाली पाहता येते. या तुरुंगाचे बांधकाम १८९६ ते १९०६ या काळात झाले. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघत होत्या, त्यांपैकी तीन उरल्या आहेत. नाशिकजवळच्या भगूरचे सावरकर बंधू, आधी बाबाराव आणि १९११ पासून तात्याराव, १९२१ पर्यंत इथे होते. वरच्या मजल्यावरच्या कोठडीपर्यंत जिने चढावे लागतात. गुडघे दुखणाऱ्यांनी खाली अंगणातल्या बाकावर बसावे आणि संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाला सगळ्यांनी एकत्र जावे, त्याची तिकिटे सकाळीच काढावीत. साप्ताहिक सुट्टीचा वार मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्यावा. रॉस बेटासाठीही तेच. बाराटांगच्या चुनखडी गुहा मात्र या दिवशी ठेवू नयेत. तो सुमारे शंभर किलोमीटरचा, जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून ताफ्याने जाण्याचा, पहाटे तीन-चारला निघण्याचा कार्यक्रम आहे, आणि शेवटच्या दिवशी म्हातारी माणसे त्याने मोडून पडतात.

दुपारी जेवणानंतर सगळ्या पिशव्या एका खोलीत आणून उघडाव्यात. अपमान वाटला तरी चालेल, प्रत्येकाची उघडावी. माझ्या पुतण्याने, वय वर्षे आठ, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत नीलच्या किनाऱ्यावरचे तुकडे जमवले होते. पांढरे, खडबडीत, बोटाएवढे, टोकाला बारीक बारीक छिद्रे असलेले. त्याला ते दगड वाटत होते. ते प्रवाळ होते, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार कठीण कवचाचे सारे प्रवाळ पहिल्या अनुसूचीत येतात. मेलेला, किनाऱ्यावर आपोआप पडलेला तुकडासुद्धा त्याला अपवाद नाही. या अनुसूचीतल्या जिवांबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. विमानतळावरच्या तपासणीत असे तुकडे क्ष-किरणांत ठळक दिसतात आणि मग लहान मुलाची बरणी मोठ्या माणसांना उत्तरे द्यायला लावते. आम्ही त्याला घेऊन किनाऱ्यावर गेलो आणि बरणी त्याच्याच हातांनी रिकामी केली. तो रडला, आणि रडला तेच बरे झाले, कारण त्यानंतर त्याने सगळ्या मोठ्यांच्याही पिशव्या तपासल्या, तेव्हा धाकट्या वहिनींच्या रुमालात दोन शिंपले निघाले.

देवघरासाठी शंख हवाच असेल तर तो परवानाधारक दुकानातून घ्यावा आणि पावती शंखासोबतच ठेवावी. सरकारी सागरिका एम्पोरियममध्ये शिंपल्यांच्या आणि लाकडाच्या वस्तू मिळतात. फेरीवाल्याकडून स्वस्तात मिळालेला मोठा शंख संरक्षित जातीचा असू शकतो आणि ते ओळखणे तुमच्या-माझ्या आवाक्यातले नाही.

पिशव्या उघडल्याच आहेत तर आणखी एक वस्तू शोधावी. खानदेशी स्वयंपाकाला सुके खोबरे लागतेच, आणि बेटावर नारळ पाहून कोणातरी मामीला वाट्या घेण्याचा मोह होतो. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असते आणि ते आपोआप पेट घेऊ शकते, म्हणून विमानात ते नेऊ देत नाहीत. ते तिथेच कोणाला तरी देऊन टाकावे. जळगावच्या बाजारात खोबऱ्याला तोटा नाही. उलट पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालत नाही, ती हातातल्या पिशवीतच हवी. लोणचे आणि तूप मोठ्या बॅगेत, दुहेरी पिशवीत. औषधे, चष्मे आणि घराची किल्ली अंगावर.

आत्याला चाकाची खुर्ची लागणार असेल तर विमान कंपनीला आधीच, शक्यतो दोन दिवस अगोदर, कळवावे. ‘मी काय एवढी म्हातारी झाले का’ असे ती म्हणणारच. कोलकात्याच्या विमानतळावरचे लांब चालणे डोळ्यांसमोर आणून तिला न विचारताच कळवावे, हे माझे मत.

निघण्याचा दिवस आणि घर

विमानतळ शहराला लागूनच आहे, तरी दोन तास आधी पोहोचावे. या सकाळी काहीही पाहायला जाऊ नये. गाडीत संध्याकाळच्या जेवणासाठी पोळ्या आणि सुकी भाजी कोलकात्यातच बांधून घ्यावी, आणि म्हाताऱ्यांच्या खालच्या बर्थ चढण्याआधीच मुलांना सांगून ठेवाव्यात.

घरी पोहोचण्याच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यांना फोन करून नळाचा दिवस कोणता ते विचारावे. आपल्या गावांत पाणी रोज येत नाही, आणि अकरा जणांचे कपडे घेऊन रिकाम्या टाकीच्या घरात शिरण्यासारखी दुसरी शिक्षा नाही. शेजारच्या वहिनींना मोटार लावायला सांगावी. दारात भाकरतुकडा ओवाळून आत गेल्यावर इतर बॅगा राहू द्याव्यात, फक्त ओल्या कपड्यांची प्लास्टिकची पिशवी आधी गच्चीवर नेऊन सोडावी. आमचा चार दिवस ओला राहिलेला टॉवेल अमळनेरच्या उन्हात पाऊण तासात खडखडीत वाळला. झटकला तेव्हा त्यातून नीलची वाळू पडली.